मृत्युपत्र, वाटणी आणि सातबारा : आपल्या खानदेशात घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

आमचे आबा गेले तेव्हा घरात मृत्युपत्र नव्हतं, फक्त बोलणं होतं. नदीकडचं वावर धाकट्याला, विहिरीकडचं मोठ्याला, बहिणींना सोनं, असं आबा दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ओट्यावर बसून सांगायचे आणि आम्ही सगळे माना हलवायचो. ते गेले आणि तेराव्याच्या आधीच प्रत्येकाला आबांचं बोलणं वेगवेगळं आठवायला लागलं. सातबारा सरळ व्हायला चार वर्षं लागली, त्यातली दोन वर्षं मी आणि मोठा भाऊ बोलत नव्हतो. त्या काळात तलाठी, तहसील, रजिस्ट्री, कोर्ट सगळीकडे फिरून जे कळलं ते चोपडा, अमळनेर, शिरपूरकडचे ओळखीचे लोक आता मला विचारत असतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. मी वकील नाही. घरात आधीच वाद असेल किंवा मालमत्ता मोठी असेल तर कागद वकिलाला दाखवाच.

मृत्युपत्र केलंच नाही तर काय होतं? सगळं बायकोलाच मिळतं ना?

नाही, आणि हा गैरसमज फार आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे (बौद्ध, जैन, शीख पण यातच येतात) पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, सगळी मुलं, सगळ्या मुली आणि त्याची आई जिवंत असेल तर आई, यांना सारखे वाटे जातात. म्हणजे मागे बायको, दोन मुलं, दोन मुली आणि म्हातारी आई असेल तर सहा वाटे. लग्न झालेली मुलगी, न झालेली मुलगी असा फरक कायद्यात नाही. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा वाटा त्याच्या बायकोपोरांना जातो. वडील मात्र पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाहीत, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं.

हेच वाटे तुम्हाला मान्य असतील तर कायदा तुमचं काम करून देतोच. पण एक पोरगा घरी राहून शेती करतोय, एक सुरतला मिलमध्ये आहे, एक मुलगी नवऱ्याने टाकलेली माहेरी आहे, अशा घरात सारखे वाटे म्हणजे न्याय होईलच असं नाही, तिथे मृत्युपत्र लागतं.

माझी जमीन आहे, मी कोणालाही देऊ शकतो ना?

सगळ्यात जास्त मृत्युपत्रं इथेच फसतात, म्हणून हे नीट वाचा. तुम्ही स्वतः कमवून घेतलेली जमीन, प्लॉट, घर हे तुम्ही मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकता, एखाद्या मुलाला काही न देता पण. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर तुम्ही फक्त तुमच्या स्वतःच्या वाट्याचं मृत्युपत्र करू शकता, सगळ्या गटाचं नाही. उदाहरण देतो, तुम्ही, बायको, दोन मुलं, एक मुलगी. तुमच्या हयातीत वाटणी झाली असती तर पाच वाटे पडले असते, म्हणून तुमच्या हातात पाचवा हिस्सा. सातबाऱ्यावर एकट्या तुमचं नाव आहे म्हणून दहाच्या दहा एकर धाकट्याच्या नावाने लिहून दिले तर बाकीचे कोर्टात जाणार आणि त्यांचं खरं ठरणार.

मुलींचं पण स्पष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच मुलासारखी सहहिस्सेदार आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या तारखेला वडील जिवंत असायलाच हवेत असंही नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर कागदाने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत.

आता यातली बारीक गोष्ट. वडिलांकडून आली म्हणजे वडिलोपार्जितच असं नसतं. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन असेल, ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील आणि वारसाने तुमच्या वडिलांना वाटा आला असेल, तर तो वाटा वडिलांचा स्वतःचा धरतात. सुप्रीम कोर्टाने १९८६ सालीच हे सांगितलेलं आहे. म्हणून मृत्युपत्र लिहायच्या आधी जुने फेरफार (जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी) काढा, शक्य तितके मागचे, जमीन कोणाकडून कशी आली ते एका कागदावर ओळीने लिहा आणि मग वकिलाकडे जा. नुसता आजचा सातबारा घेऊन गेलात तर वकील पण अंदाजच सांगेल.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन) लिहिलेलं असेल किंवा कुळकायद्यात मिळालेली जमीन असेल तर तिला वेगळ्या अटी आहेत, ते आधी विचारा.

कोऱ्या कागदावर चालतं की बॉण्ड लागतो?

कोरा कागद चालतो. स्टॅम्प ड्युटी नाही, भाषा कुठलीही, हाताने लिहा नाहीतर टाईप करा. स्टॅम्प पेपर घ्यायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं तर तसं काही नाहीये. अट एवढीच की वय १८ पूर्ण, डोकं ठिकाणावर, कोणाचा दबाव नाही, सही किंवा अंगठा तुमचा आणि कमीत कमी दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं किंवा ही माझी सही आहे असं तुमच्या तोंडून ऐकलं, आणि ज्यांनी तुमच्या समोर सही केली. दोन पानं असो की दहा, प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड झाली तर तिथे पण.

साक्षीदार कोण घ्यावे?

लोक मान म्हणून गावातला सगळ्यात वयस्कर माणूस बसवतात, आणि दहा वर्षांनी कागद सिद्ध करायची वेळ येते तेव्हा दोन्ही साक्षीदार वर गेलेले असतात. कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करायला साक्षीदारांपैकी एक तरी हजर करावा लागतो, तो जिवंत आणि येण्यासारखा असेल तर. म्हणून तुमच्यापेक्षा वयाने लहान, गावात किंवा जवळ राहणारे, भांडणात न ओढले जाणारे दोघं घ्या. शाळेतले मास्तर, घरचा डॉक्टर, शेजारी. ज्याला काही मिळणार आहे तो आणि त्याची बायको साक्षीदार नको, संशयाला जागाच कशाला ठेवायची.

दुसरं असं की ज्या पोराला जास्त मिळणार आहे त्यानेच गाडी करून वडिलांना नेलं, त्यानेच वकील आणला, त्यानेच कागद लिहून घेतला, असं दिसलं की कोर्ट बारकाईने बघतं आणि मग ते मृत्युपत्र खरं आहे हे दाखवायचं ओझं त्याच पोरावर येतं. खरं असलेलं मृत्युपत्र पण अशाने अडकतं. वडिलांना स्वतः जाऊ द्या, नाहीतर परक्या माणसासोबत पाठवा.

रजिस्ट्री करावी लागते का? खर्च किती?

सक्ती नाही, पण करा. दुय्यम निबंधक ऑफिसात होते, नोंदणी फी १०० रुपयांच्या घरात आहे, खरा खर्च लिहून घेण्याचा आणि वकिलाचा. रजिस्टर केलं म्हणजे ते आपोआप खरं ठरलं असं नाही, आव्हान तरी देता येतंच, पण अंगठा कोणाचा, फोटो कोणाचा, तारीख कुठली हे भांडण तिथेच मिटतं. तुम्ही जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल तुमच्याशिवाय कोणाला देत नाहीत, मागून मृत्यूचा दाखला दाखवून घेता येते. मजकूर कोणालाच कळू द्यायचा नसेल तर बंद पाकिटात सील करून जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोय पण कायद्यात आहे.

मुंबईतल्या मालमत्तेसाठी प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) २०२५ पर्यंत सक्तीचं होतं, म्हणून लोक प्रोबेट प्रोबेट म्हणत असतात ते ऐकून घाबरू नका, इथे राहून इथल्याच शेतीघराचं मृत्युपत्र केलं त्याला प्रोबेट सक्तीचं नाही.

वडील अंथरुणावर आहेत, बोलता येतं पण सही येत नाही. आता करता येईल?

येईल. अंगठा चालतो. त्याच दिवसाचं डॉक्टरचं पत्र घ्या की माणूस शुद्धीत आहे आणि समजून उमजून बोलतोय, जमलं तर डॉक्टरलाच साक्षीदार करा. मजकूर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि तसं वाचून दाखवल्याचं कागदात लिहा. घरातल्या बाकीच्या पोरांना खोलीबाहेर काढून वडील आपल्या तोंडाने सांगतायत असा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला तर उपयोगी पडतो, पण व्हिडिओ म्हणजे मृत्युपत्र नाही, कागद लागतोच. आणि खरं सांगतो, दवाखान्यात सलाईन चालू असताना केलेल्या कागदावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. माणूस वावरात जाऊन येतोय तेव्हाच करा.

मृत्युपत्र, बक्षीसपत्र की खातेफोड? काय बरं?

मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होतं आणि तोपर्यंत केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्र आजच लागू, रजिस्टर करावंच लागतं, आणि एकदा दिलं की परत घेणं फार अवघड. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं, मयत मुलाची बायको यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे, वर नोंदणी फी आणि काही ठिकाणी अधिभार. स्वस्त आहे म्हणून लोक पटकन करून टाकतात. पुढे सून नीट बोलत नाही, जेवण वेळेवर नाही, आणि घर तर नावावर उरलं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रांताकडे (प्रांताधिकाऱ्याकडे) जाऊन बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण आई-वडिलांना सांभाळण्याच्या बदल्यात हे दिलंय असं दाखवावं लागतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ही सांभाळण्याची अट कागदातच लिहा. माझं मत विचाराल तर राहतं घर आणि पाण्याची जमीन हयातीत सोडू नका.

खातेफोड म्हणजे तहसीलदाराकडून आत्ताच वाटणी करून प्रत्येकाचा खाता वेगळा करणं. सगळे राजी असतील तर वडिलोपार्जित जमिनीला हा मार्ग सगळ्यात स्वच्छ, कारण वडील स्वतः उभे राहून बांध दाखवू शकतात. तुकडेबंदीचं मात्र लक्षात ठेवा, जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडे पाडायला गेलात की अडचण येते.

बहिणींकडून हक्कसोड घेतलं तर मृत्युपत्राची गरज नाही ना?

यावर मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे बाप गेला की महिन्या दोन महिन्यात बहिणींना बोलावून रजिस्ट्री ऑफिसात नेतात, साडी-चोळी करतात, सही घेतात. कित्येक बहिणी मनापासून सोडतात, त्यांना पैसा नको असतो, आखाजीला झोक्यावर बसायला आणि दिवाळीला भाऊबीजेला माहेर उघडं पाहिजे असतं. पण ज्या बहिणीला खरंच गरज आहे तिला पण नाही म्हणता येत नाही, कारण वाटा मागितला की माहेर तुटलं. माझ्या धाकट्या बहिणीची सही आम्ही अशीच घेतली. तिचा नवरा तेव्हा आजारी होता आणि आमच्यापैकी एकाने पण तिला विचारलं नाही की तुला काय पाहिजे. नंतर आम्ही तिला पैसे दिले, पण ते मागून दिलेले पैसे आणि बापाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला अर्धा एकर यात फरक असतो.

म्हणून बाप्पा, नाना, आप्पा, जे कोणी वाचत असाल, मुलीला काय द्यायचं ते तुम्हीच लिहून ठेवा. भावाच्या अंगावर ते टाकू नका.

कायद्याचं म्हणाल तर हक्कसोड रजिस्टर असावं लागतं, तलाठ्यासमोर नुसता जबाब दिल्याने हक्क जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेचं बिनमोबदला हक्कसोड घरातल्या घरात असेल तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये. आणि वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टाच्या जमिनीवरचा पुढे होणारा हक्क आजच सोडून घेतला तर त्या कागदाला किंमत नाही, जो हक्क अजून आलाच नाही तो सोडणार कसा.

बँकेत, विम्यात नॉमिनी लावलाय, मग झालं ना?

नाही झालं. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक वारसच. शेअर आणि म्युच्युअल फंडाबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात २०१५ पासून थोडं वेगळं आहे, आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल तर ते पैसे त्यांचेच. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, टक्के ठरवून. तरीसुद्धा मृत्युपत्रात खात्यांचा उल्लेख करा आणि नॉमिनी आणि मृत्युपत्र यातली नावं जुळवून घ्या, नाहीतर एकाकडे पैसे आणि दुसऱ्याकडे कागद.

भुसावळचे रेल्वेतले बरेच जण विचारतात की फॅमिली पेन्शन मृत्युपत्राने मुलीला देता येईल का. नाही, ती नियमाप्रमाणे ज्याला मिळायची त्यालाच मिळते, तुमच्या मालमत्तेत ती धरतच नाहीत.

शेताबद्दल नेमकं काय काय लिहायचं?

गट नंबर, गाव, तालुका, क्षेत्र सातबाऱ्यावर आहे तसं. कोणाला कुठल्या बाजूचं, पूर्वेकडचं की नाल्याकडचं, चतुःसीमा लिहा. मग ज्यावरून खरी भांडणं होतात ते लिहा : विहीर सामाईक की एकाची, पाण्याची पाळी कशी, मोटारीचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर, पाईपलाईन कोणाच्या वावरातून जाते, बैलगाडीला रस्ता कुठून. रावेर-यावलकडे केळी आहे तिथे पाण्याशिवाय जमीन म्हणजे नुसता मातीचा तुकडा, तिथे विहिरीबद्दल एक ओळ कमी पडली की भाऊ भाऊ कोर्टात. बांधावरची झाडं, खळं, गोठा, ट्रॅक्टर पण.

विकास सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असेल आणि सातबाऱ्यावर बोजा असेल तर तो कोणी फेडायचा ते पण लिहा. मयताचं कर्ज वारसांना फेडावं लागतं पण त्याच्याकडून जितकं मिळालं तितक्यापुरतंच, स्वतःच्या खिशातून नाही. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा असेल तर प्रॉपर्टी कार्ड जोडा.

सोन्याचं काय?

जळगावच्या सराफ्यातून घेतलेलं सोनं प्रत्येक घरात आहे आणि त्याचा कागद कोणाकडेच नसतो. दागिना, अंदाजे वजन, कोणाला, एवढी यादी पुरे. फोटो काढून ठेवा. बायकोचं स्त्रीधन तिचं स्वतःचं आहे, नवऱ्याच्या मृत्युपत्रात ते लिहू नका, ते तिने लिहायचं.

आईने किंवा बायकोने वेगळं मृत्युपत्र करायला पाहिजे का?

हो, आणि हे कोणी करतच नाही. बाईच्या मालमत्तेचा वारसा वेगळ्या नियमाने जातो. मुलं आणि नवरा असेल तर त्यांना. मूलबाळ नाही आणि नवरा पण गेलेला, तर तिच्या स्वतःच्या कमाईचं सगळं आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, तिच्या आई-वडिलांना नंतर. म्हणजे जिल्हा परिषद शाळेत तीस वर्षं नोकरी केलेल्या विधवा बाईंचं घर दिराच्या पोरांना, आणि म्हातारपणी जिने सांभाळलं त्या भाचीला काही नाही. फक्त आई-वडिलांकडून वारसाने आलेलं असेल आणि मूल नसेल तर ते माहेरच्या वारसांकडे परत जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण बायकांना आवाहन केलं की मृत्युपत्र करून ठेवा. एक पानाचं काम आहे, घरातल्या बाईला आज रात्रीच सांगा.

आम्ही आदिवासी आहोत, नंदुरबारकडे. हेच नियम लागू का?

नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, तिथे समाजाची रूढी चालते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची प्रत्येकाची रीत सारखी नाही, म्हणून अक्कलकुवा-धडगावकडच्या लोकांनी इथलं वाटे-हिस्स्याचं गणित आपल्याला लावू नये, माहितगार वकिलाला विचारावं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायला सरकारी परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याचा पट्टा असेल तर तो वारसाने मुलाबाळांकडे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं असतात. तुमच्या पट्ट्यावर बायकोचं नाव आहे का ते एकदा बघाच.

मुस्लिम कुटुंबात?

तिथे शरियतप्रमाणे, कर्ज आणि दफनाचा खर्च जाऊन जे उरेल त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं. त्याहून जास्त द्यायचं, किंवा सुन्नी घरात जो आधीच वारस आहे त्याला जादा द्यायचं, तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

एकदा केलेलं बदलता येतं का?

कितीही वेळा. शेवटचं मृत्युपत्र खरं. नवीन करताना आधीची सगळी रद्द असं पहिल्याच ओळीत लिहा. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येतं पण त्याला पण दोन साक्षीदार लागतात, जुन्या कागदावर पेनाने खोडून लिहू नका.

वारसाहक्काला टॅक्स लागतो का?

नाही. भारतात इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच बंद झाली. पुढे तुम्ही ते विकलं की नफ्यावर जो टॅक्स लागतो तो वेगळा.

माणूस गेल्यावर पुढे काय करायचं?

मृत्यूचा दाखला चार-पाच प्रती घ्या. जमिनीसाठी तलाठ्याकडे, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, अर्ज करा, ई-हक्क वरून ऑनलाईन पण होतो. मृत्युपत्र असेल तर ते जोडा. मग सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, १५ दिवस हरकतीला, हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. हरकत आली तर तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी पक्की असं समजू नका, ती नोंद महसुलासाठी असते, मालकीचं भांडण दिवाणी कोर्टातच सुटतं. २०२५ साली सरकारने जिवंत सातबारा मोहीम घेतली ती याच्यासाठीच, गावोगाव सातबाऱ्यावर मयत माणसांची नावं तशीच पडून होती. अजून राहिली असतील तर वाट बघू नका, एक पिढी गेली की चार वारसांचे चौदा होतात आणि मग एकाची सही पुण्याला, एकाची सुरतला, एक कुठे गेला तेच माहिती नाही.

बँकेतले पैसे आणि शेअर यांना नॉमिनी नसेल तर कोर्टाचा वारस दाखला मागू शकतात, त्याला वेळ आणि कोर्ट फी दोन्ही लागते.

पोरांना आधी सांगावं का? आणि मूळ कागद कुठे ठेवायचा?

सांगावं असं मला वाटतं, आकडे नाही सांगितले तरी का असं लिहिलंय ते सांगा. धाकट्याला घर दिलं कारण तो आईला बघणार आहे, मोठ्याच्या शिक्षणाला तेव्हा दोन एकर विकले होते, अशी कारणं मृत्युपत्रात पण दोन ओळीत लिहिली तर वाचणाऱ्याचं मन शांत राहतं. आम्हाला आबांचं कारण कधी कळलंच नाही.

कागद बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावाने ठेवला तर तो काढायलाच कागद लागतात, तसं करू नका. मृत्युपत्राप्रमाणे वाटप करायला एक व्यवस्थापक नेमा आणि मूळ त्याच्याकडे द्या. आमच्या आईने दोन वर्षांपूर्वी केलं, अमळनेरला रजिस्टर केलं. मूळ कागद धाकट्या बहिणीच्या कपाटात आहे आणि आम्हा तिघांकडे झेरॉक्स. बहिणीकडेच का ठेवलं ते आईने सगळ्यांसमोर सांगितलं, मोठा भाऊ तेव्हा काही बोलला नाही, पण त्या आखाजीला तिला घ्यायला तो स्वतः गेला.